साल्वादोर मेस्त्रीचा पहिला ऑटोमॅटिक

कट्टा गावच्या बाजारपेठेत साल्वादोर मेस्त्रीने चाळीस वर्षं गिअरबॉक्स उतरवले आणि चढवले. सगळे क्लचवाले. ऑटोमॅटिक हा पहिलाच.

गाडी किशोरीची. ओरोसला सरकारी कार्यालयात ती कारकून आहे. डावा पाय लहानपणापासून अधू, क्लच दाबणं तिला जमत नाही. ही जुनी लाल गाडी घेतली आणि एसटीत चढताना कुणाचा तरी हात धरणं सुटलं. मग एक दिवस गिअरबॉक्स जळला. मोठ्या गॅरेजवाल्यांनी गाडी भंगारात घाला म्हणून सांगितलं. साल्वादोर म्हणाला, "ठेव हंय. बघूया."

त्याला दोन महिने लागले. सुटे भाग एका मोडीत निघालेल्या गाडीतून मिळाले. तसे पुन्हा मिळणार नव्हते. आता जळला तर गाडी संपली, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी सकाळी त्याने बसवायला घेतला. आधी कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा जड, गोल डबा. दोन्ही हातांनी फिरवत, दाबत तो गिअरबॉक्सच्या तोंडात सरकवला. टक. टक. तिसरी टक ऐकली, म्हणजे डबा पुरता आत बसला, आणि मगच त्याने श्वास सोडला. जॅकवर गिअरबॉक्स उचलला. तो इंजिनाला अलगद भिडला, तेव्हा कुठे बोल्ट लावले. शेवटी कुलरच्या दोन नळ्या धुऊन जोडल्या. एकीतून तापलेलं तेल रेडिएटरमधल्या कुलरकडे जातं, दुसरीतून थंड होऊन परत येतं.

"मेस्त्रीनू, चालतली मा?" किशोरीने चौथ्यांदा विचारलं.

"चालतली गो. माझा डोका खाव नको."

शेजारचा चहावाला शंकर नारळ घेऊन हजर झाला. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्याच्यासमोर कुणी चावी फिरवलेली त्याला खपत नाही. साल्वादोर ख्रिस्ती. तरी त्याने टोपी काढली आणि गाऱ्हाण्याला होकार द्यायला तो किशोरीशेजारी हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, आज किशोरीची गाडी रस्त्यार येता हा..."

"व्हय म्हाराजा!"

"मेस्त्रीच्या हाताक यश दी..."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा..."

या वेळी साल्वादोरचा आवाज आला नाही. तो मनात मागे जात होता. कन्व्हर्टर. बोल्ट. नळ्या धुतल्या. आणि कुलर?

"थांब शंकर. चुकला हा."

"माझा गाऱ्हाणा?"

"तुझा नाय रे, माझा!"

क्लचवाल्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल गिअरबॉक्समध्येच राहतं. इथे ते बाहेर फिरून येतं. जुना गिअरबॉक्स जळला, त्याचा चुरा कुलरमध्ये तसाच बसलेला असणार. गाडी सुरू झाली असती तर तो सगळा नव्या कामात उतरला असता.

"मोठो मेस्त्री!" शंकर म्हणाला. "देवाक अर्ध्यार उभो करून ठेयलंस."

साल्वादोरने नळ्या पुन्हा सोडल्या. कुलरमध्ये धुण्याचं औषध ओतून उलट्या बाजूने हवा मारली. बाटलीत ते काळं, धातूच्या चुऱ्याने चमचमतं होऊन उतरलं. किशोरी त्या चमचमाटाकडे बघत राहिली. दुसऱ्या वेळी राखाडी आलं. पाचव्या वेळी नितळ. मग त्याने नळ्यांचे नट आधी बोटांनी फिरवले आणि दोन पान्यांनी आवळले, नळीला पीळ पडू नये म्हणून. लाल तेल भरलं.

शंकरने गाऱ्हाणं पुरं केलं. नारळ फुटला. चावी फिरली.

साल्वादोरने ब्रेक दाबून एकेक गिअर टाकला. प्रत्येक गिअर पडताना गाडी किंचित हलली, जणू मान डोलावली. तो खाली उतरून पोटावर आडवा झाला. नळ्यांच्या सांध्यांवर बोट फिरवलं. कोरडं. चालू इंजिनावर तेल मोजलं, थोडं वर घातलं.

"घे गो. बाजारपेठेत एक फेरी मार."

किशोरी गेली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शंकरने दोनदा रस्त्यावर जाऊन पाहिलं. साल्वादोर हात पुसत राहिला. ते केव्हाच पुसून झाले होते.

पाऊण तासाने फोन वाजला.

"मेस्त्रीनू, ओरोसाक पोचलंय!"

"आज आयतवार गो! हापीस बंद!"

"म्हायत आसा. चढ कशी चढता ता बघूक इलंय. वाटेत तीन गाडये मागे टाकलंय!"

साल्वादोरने फोन शंकरच्या हातात दिला. आणि पुन्हा हात पुसायला घेतले.