जुमगालचा नवा रस्ता

बिश्केकच्या बाजारात तुर्सुनायच्या दुकानाचा कंटेनर माझ्या कंटेनरला लागून होता. ती लहान मुलांचे बूट विकायची, मी मोजे आणि टोप्या. वयानं मोठी, म्हणून मी तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. गिऱ्हाईक बूट घेऊन निघालं की ती मागून ओरडायची, "मोज्यांशिवाय जाऊ नका हो, बूट रुसतील!"

नवरा गेल्यावर ती डोंगरातल्या जुमगालहून शहरात आली ती इथलीच झाली. मुलगा मॉस्कोत. गावी धाकटा भाऊ मेदेर आणि त्याच्या घोड्या. जून आला की एजेच्या हातात चहाची वाटी तशीच राहायची. "आत्ता वर कुरणात घोड्यांचं दूध काढत असतील," एवढंच म्हणायची. "मग जा की," मी म्हणायची. "दुकान कोण बघणार, तुझा बाप?"

त्या वसंतात सरकारनं नवा नियम आणला. प्रत्येक विक्री पावतीच्या यंत्रावर नोंदवायची, त्यावर कर भरायचा. बाजार खवळला. समजूत घालायला एक तरुण साहेब आला, खोक्यावर उभा राहिला.

"देशानं कर्ज काढलंय, त्याचं व्याज वाढत चाललंय. हातभार सगळ्यांनीच लावायला हवा."

"आम्हाला विचारून काढलं होतं का?" भांडीवाला कानिबेक ओरडला.

"डोंगरातले रस्ते त्याच पैशातून झाले, दादा. जुमगालचा रस्ता बघा, कसा गुळगुळीत!"

एजे पुढे सरकली. "बाळा, मी जुमगालची. तुझ्या व्याजासाठी बारा महिने इथं बसायचं, मग त्या रस्त्यानं जायचं कधी?"

लोक हसले. साहेबही हसला आणि हातातले कागद चाळू लागला. एजे मात्र हसत नव्हती. परत येऊन ती बुटांच्या जोड्या उगाच उलट-सुलट लावत बसली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून बाजार बंद ठेवला. आम्ही बाया दारांना कुलपं लावून बाहेर बसलो. थोड्या वेळानं एजे उठली, ओढणी झटकली. "बंदच आहे ना? मग मी घरी जाते." आणि खरंच मिनीबसमध्ये बसली.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज चिरकत होता. "अगं, पूर्वी पोचेपर्यंत हाडं खिळखिळी व्हायची. आज डुलकी लागली, डोळे उघडले तर गाव!" मग म्हणाली, "मेदेरनं घोड्या विकल्यात. एकच ठेवलीय, तीही म्हातारी. रस्त्यावरून ट्रक असे धावतात की कळप पलीकडे कुरणात नेताच येत नाही."

ती रडते आहे असं मला वाटलं. विचारलं तर म्हणाली, "नाही गं, हात दुधाचे आहेत, फोन निसटतोय."

पुढे सरकारनं यंत्राची मुदत लांबवली आणि बाजार उघडला. यंत्र येणारच होतं, फक्त उशिरा. मी एजेला फोन केला. "ये आता. तुझी गिऱ्हाइकं मलाच बुटांचे भाव विचारतायत."

"मग सांग की." पलीकडे वारा ऐकू येत होता. "झामल, मी येत नाही. मेदेरनं आणखी दोन घोड्या आणायचं कबूल केलंय. रस्त्याकडेला आमचा जुना तंबू उभारते, ट्रकवाल्यांना घोडीच्या दुधाचं आंबट कुमीस विकते."

"आणि करवाले तिथं आले तर?"

"येऊ देत. आधी प्यायला देईन, मग भांडेन."

तिचा माल तिच्या भावजयीनं येऊन नेला. त्या कंटेनरमध्ये आता खेळणी विकणारं एक जोडपं आहे. माणसं भली आहेत, पण गिऱ्हाईक गेलं की माझ्यासाठी कुणी हाक मारत नाही.

एजे दर उन्हाळ्यात बोलावते. "सकाळी निघ, दुपारी माझ्यापाशी." मी हो म्हणते. मिनीबसचा थांबा माझ्या दारातून दिसतो. जुमगालची गाडी भरते, दार लागतं, धूळ उडते, आणि मी गिऱ्हाइकाला मोजे दाखवत असते.