प्रेसच्या पायाखालचे दोन खड्डे

१८ फेब्रुवारी. चाकणच्या एका ऑटो-पार्ट कंपनीच्या, घाटाकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनीलगतच्या नव्या साइटवर मी फक्त सही करायला गेले होते. मोठ्या प्रेस मशीनच्या पायाचा खड्डा तयार होता. त्याचा तळ तपासायचा, ओके द्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काँक्रीट. माती तपासून रिपोर्ट मीच दिला होता. चार कोपऱ्यांत चार बोअर, चारही ठिकाणी घट्ट मुरूम.

तळाच्या मधोमध मात्र काळा पट्टा दिसला.

"काळा मुरूम आहे, मॅडम," काँट्रॅक्टर म्हणाला.

मी ढेकूळ उचललं. हलकं, आत जाळीसारखी भोकं. हा मुरूम नव्हता. कोळशाची राख होती. राख दबते, आणि वर धडधडणारं प्रेस बसलं तर ते तिरकं होणार. त्याच्याशेजारी माणसं उभी राहणार होती.

वॉचमन बबनतात्या वरून बघत होते. याच गावचे, सत्तरी ओलांडलेले. म्हणाले, "राखच हाय ती. हितं ठेशन व्हतं. माझा आजा रेल्वेत खलाशी. वर दगडाचा चौथरा हाय ना, त्यावर पाण्याची टाकी. घाटाकडं जायच्या आधी इंजिन हितं पाणी घ्यायचं, राख झाडायचं. मग लाइनीवर वीज आली. पाणी नको, राख नको. ठेशनाचं कामच सपलं."

"म्हणजे एक राखेचा खड्डा. उकरून भरू," मी म्हटलं.

"एक न्हाई बाई, दोन. बाया अर्धं जळालेलं कोळसं येचायला यायच्या. भांडणं नको म्हून येक खड्डा आमच्या आळीला, दुसरा वरल्या आळीला. आमची आजी चौथऱ्यापासून पावलं मोजून हद्द सांगायची. तीस आमची, साठ त्यांची."

आमच्या काळ्या पट्ट्यापर्यंत बरोबर तीस पावलं भरली! मी अक्षरशः पळत टेप आणि लोखंडी सळई आणली. तात्या साठाव्या पावलावर थांबले, तेही पायाच्याच खड्ड्यात. वर चांगला लाल मुरूम. सळईवर घण मारला. दोन फूट कडक, मग सळई भसकन आत गेली. माझ्या तोंडून "सापडला!" निघालं. काँट्रॅक्टर खड्ड्यात बसूनच राहिला.

प्लांट हेडना फोन लावला.

"मॅडम, मशीन बंदरातून निघालंय. तुमच्याच रिपोर्टवर ड्रॉइंग झालं ना?"

"हो सर. रिपोर्ट चुकला. माझे बोअर कोपऱ्यांत होते, खड्डे मध्ये."

"मग सही?"

"देत नाही."

त्यांनी विचारलं, "किती दिवस?"

"आठ."

बारा लागले. दोन्ही खड्डे दगडी बांधणीचे, पुरुषभर खोल निघाले. राख काढून साधं काँक्रीट भरलं. प्रेस आज सरळ उभं आहे.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत मी गेटवर होते. काँक्रीटच्या गाड्या परत पाठवल्या. मग ऑफिसला जाऊन तपासणीच्या फॉर्ममध्ये बोअरच्या नकाशाआधी एक रकाना वाढवला : जागेवर आधी काय होतं, गावात कोणाला विचारलं?