फिरणारी चकती

सातवीतून शाळा सोडून मी मामांमागं गलाईच्या धंद्यात आलो. सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्याकडची माणसं त्यापायी देशभर पांगलीत. माझ्या वाट्याला तंजावूर आलं. भट्टी जमिनीलगत असते, त्यामुळं कामही मांडी घालून आणि दुपारचं जेवणही तिथंच, सगळ्यांनी गोल करून.

अपघातात गुडघा गेला, तो बदलला, तेव्हापासून मी स्टुलावर. पुढं तो कृत्रिम गुडघाही सैल झाला. पाऊल टाकलं की आत खटकायचं. पुन्हा बदलावा लागणार म्हटल्यावर भीती वाटलीच, पण आशाही वाटली. या वेळी तरी खाली बसता येईल.

माझं तमिळ बाजारापुरतं. म्हणून राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात सोबत आल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, पण घरात मराठी. जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. मी त्यांना अक्का म्हणतो. माझ्या त्या कोणी लागत नाहीत, तरी घरचं सगळं टाकून रिक्षात बसल्या. हे मी कसं विसरू?

डॉक्टरांनी टेबलावर दोन नमुने ठेवले. दोन्हींत धातूच्या दोन भागांमधे प्लॅस्टिकची चकती. एकात पक्की बसवलेली, दुसऱ्यात पायाबरोबर जराशी फिरणारी. मी दुसरा उचलला आणि चकती फिरवत बसलो. फिरते म्हणजे पाय वळेल, पाय वळला म्हणजे मांडी आलीच की.

अक्का आणि डॉक्टर बराच वेळ बोलले. मग अक्कांनी मला सांगितलं. फिरणारी कमी झिजावी अशी अपेक्षा असते, पण दुसऱ्यांदा बदललेल्या गुडघ्यांत दोन्हींमधे फारसा फरक दिसलेला नाही. त्यात माझे सांध्याचे बंध ढिले, फिरणारी निसटायची भीती.

"आणि मांडी?" मी विचारलं.

अक्का डॉक्टरांकडं वळल्याच नाहीत. म्हणजे आधीच विचारून झालं होतं.

"नाही रे तंबी," धाकट्या भावाला सांगावं तसं त्या म्हणाल्या. "दोन्हींत नाही."

मी नमुना खाली ठेवला आणि पक्क्या चकतीला हो म्हटलं.

आता गुडघा खटकत नाही. बाजारापर्यंत बिनघोर चालतो, डॉक्टरांना आणि अक्कांना मनात हात जोडतो. दुपारी सगळे गोल करून बसतात. कोणीतरी ताट वर देत म्हणतो, "घ्या मालक, माडीवर जेवण आलं." मीही हसतो. मग त्यांचं खाली काहीतरी गावाकडचं बोलणं सुरू होतं, आणि मला वरून नुसती डोकी दिसत राहतात.