देवघराचं छत

"शिडी कशाला काढायची? हा स्टुलावर चढला की झालं!"

बाईसाहेब गड्याला म्हणाल्या आणि झाडू माझ्या हातात आला. जयपूरच्या सिव्हिल लाइन्समधला आमच्या साहेबांचा बंगला. दिवाळीची साफसफाई. मी सहा फूट चार इंच. ऑफिसच्या बास्केटबॉल टीमचा सेंटर, खेळाडू कोट्यातला शिपाई. आलो होतो सहीसाठी आणि काढत बसलो जाळी.

आखातातल्या एका क्लबचं पत्र आलं होतं. दिल्लीच्या स्पर्धेत त्यांच्या कोचनं मला पाहिलं होतं. दोन मोसम खेळायचं आणि खेळण्याचाच पगार घ्यायचा! इथं मी खेळत होतो, पगार मात्र चहा देण्याचा. पण सरकारी नोकराला पासपोर्टसाठी खात्याचा ना-हरकत दाखला लागतो. त्यावर साहेबांची सही पाहिजे. क्लबला महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं.

चूक माझीच. वडील फौजेत, म्हणून मी जयपुरातच वाढलो. इथं मराठी आडनावावरून कुणाला काही कळत नाही. सगळ्यांचा मी 'मराठा भैया'. नवे साहेब पुण्याकडचे आले तेव्हा मी येडा खूश! म्हणलं, आपला माणूस आला. पहिल्याच दिवशी मराठीत बोललो. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला तेही विचारलं. "अस्सं," म्हणाले. अख्ख्या जयपूरला इतक्या वर्षांत जे कळलं नाही, ते त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. दुसऱ्या आठवड्यापासून बंगल्यावर बोलावणी सुरू झाली.

तर त्या दिवशी बैठकीची खोली झाली, आतल्या खोल्या झाल्या. देवघरापाशी आलो तर बाईसाहेब आडव्या आल्या.

"तिथं नको. तू बाहेर थांब."

मग गड्यानं शिडी काढली. मी अंगणात, केसांत कोळिष्टकं घेऊन उभा. पाणी आलं ते तुळशीमागं पालथ्या घातलेल्या ग्लासातून. मी प्यालो. सांगताना लाज वाटते, पण प्यालो. सही पाहिजे होती ना.

साहेबांनी अर्जाकडं बघितलंसुद्धा नाही. "दिवाळी होऊ दे रे. पळून चाललंय का काय?"

पळूनच चाललं होतं. महिना संपला. क्लबची तार आली, जागा भरली. मी सायकल काढून मैदानावर गेलो आणि बास्केटखाली बसून रडलो. कुणाकडं जाणार? साहेबाच्या वर साहेबच.

जानेवारीत पुन्हा निरोप. पाहुणे येणार, पंखे पुसायचेत. मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो.

"मी येणार नाही, साहेब. आणि दाखला द्यायचा नसेल तर तसं लिहून द्या."

"माज आलाय तुला," ते म्हणाले. "चाकसूला टाकतो. तिथं खेळ म्हशींबरोबर."

चौथ्या दिवशी बदलीची ऑर्डर. चाकसू म्हणजे जयपूरबाहेरचं आडगाव, तिथल्या ऑफिसला ना मैदान, ना टीम.

वडील म्हणाले, "पाया पड त्यांच्या. सरकारी नोकरी आहे, बाबा." लढाईत गोळीला न भ्यालेला माणूस साहेबाच्या नावाला भीत होता. मला त्यांची दया आली. रागही आला. मी उठून आत गेलो.

काल राजीनामा दिला. आता कुणाच्या दाखल्याची गरज नाही. क्लबला पुन्हा पत्र टाकलंय. उत्तर येईल, न येईल. माझं वय सव्वीस, हाती काही नाही, आणि खरं सांगतो, जाम भीती वाटते. पण कुणाच्या अंगणात आता उभा राहणार नाही. हरायचंच असेल तर मैदानात हरेन.