तुळसाकाकीचं नाक आणि काट्याचा डबा

मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुळसाकाकीनं माझा हात धरला, उताणा केला आणि तळवा हुंगला. लग्न होऊन मी नुव्हेल फ्रांस ह्या गावी आले, त्याचा तो दुसरा दिवस.

"साबण," ती म्हणाली. "सकाळी सकाळी काय धुतलंस गं?"

"मासे, काकी."

"हं," म्हणाली आणि माझ्या सासूकडे असं बघितलं, की जणू ते मासे कुठून आले हे विचारायचं अजून बाकी होतं.

ती आमच्या नात्यातली नव्हे, कुंपणापलीकडची. पण सगळे तिला काकीच म्हणत. पाव असो, बाजारचं तेल असो, लग्नाची पत्रिका असो, "थांब, हुंगू दे," हे आधी. एकदा तिनं पोस्टमनचं पत्र हुंगून परत दिलं. "हे उघडलेलं हाय." उघडलेलं कसलं! पण तो बिचारा तेव्हापासून तिची पत्रं लांबूनच टाकून पळायचा.

आता मी सांगते त्या भांडणाचं. काकीच्या घरामागं तिच्या धाकट्या जावेचं, सखूचं, घर. भाऊ वेगळे झाले तेव्हा भाजीची जमीन काकीकडे आली आणि गाई सखूकडे. सखूनं शेणखत द्यायचं, काकीनं गाईंसाठी उसाची वाढं द्यायची, असं ठरलं. मी आले त्याच वर्षी खताची गाडी आली. काकीनं मूठभर उचललं, नाकाशी नेलं.

"माती घातलीय ह्यात."

सखू म्हणाली, "जाऊबाई, गाईला विचारा. मी न्हाय घातली."

तर काकीनं ते खत पसरलंच नाही! रस्त्याकडेला ढीग तसाच ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. "बघा, ह्याला म्हणे खत म्हणायचं." आमच्याकडचा पाऊस म्हणजे कसा, खाली किनाऱ्यावर पोर्ट लुई शहरात लोक घाम पुसत असतात तेव्हा इथं आम्ही छत्रीखाली. महिनाभर ढीग भिजला. खालच्या उताराला पाणी जायचं, तिथं गवत माझ्या कमरेला लागायला लागलं. मीच ते कापून आणलंय. न्याय करायला मात्र कुणी आलं नाही. शेवटी काकीनं ते खत शेतात टाकलं, वर पोमदामूर लावले. पोमदामूर म्हणजे टोमॅटो. सगळे पिवळे पडले. झालं! त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. काकीनं स्वतःची गाय घेतली आणि मधल्या कुंपणात काटेरी झुडूप लावलं.

मग बरीच वर्षं गेली. ऐंशी साल उलटून गेल्यावर कधीतरी शेतीखात्याचा एक माणूस मोटारसायकलवरून आला, मिस्ये रोलाँ. हातात लोखंडी डबा, झाकणाला घड्याळासारखा काटा. खत पाण्यात कालवायचं, डब्यात ओतायचं, वर पांढरी पूड घालायची, झाकण घट्ट पिळायचं आणि हलवायचं. खतातलं झाडाला लगेच मिळणारं सत्त्व वायू होऊन दाबतं आणि काटा चढतो. पाच मिनिटांत निकाल. पूर्वी खत थैलीत घालून तपासायला शहरात पाठवायचं आणि वाट बघायची, तोवर पीक निघून जायचं.

गावात कुणाचा विश्वास बसला असेल तर शपथ. कुणी म्हणालं, गाईंवर कर बसवणार. कुणी म्हणालं, ज्याचा काटा चढेल त्याची गाय सरकार नेणार. काकी फाटकात उभी राहिली.

"थांब. तो डबा हुंगू दे."

त्यानं हसून पुढं केला. तिनं नाक मागं घेतलं. "कपडे धुवायच्या पाण्याचा वास हाय. मो पा क्वार." विश्वास नाही, असं तिनं त्याला क्रेओलमध्ये तोंडावर सांगितलं.

तरी तिनं आपल्या ढिगातलं खत तपासून घेतलं. काटा जेमतेम उठला. मग माझ्या कानात म्हणाली, "सखूच्या गोठ्यातलं आण. गुपचूप."

मी कुंपण ओलांडलं, तर सखू गोठ्यातच.

"काय चोरतेस गं?"

"खत."

"ने की. तिला म्हणावं, माती वेगळी बांधून देते, हवी तर."

सखूच्या खतानं काटा पार वर गेला. काकीनं डब्याला बोट लावलं. "हा डबा तिच्या बाजूचा हाय."

पुढच्या आठवड्यात मिस्ये रोलाँ परत आला तेव्हा काकीनं दोन बादल्या मांडून ठेवल्या होत्या. "ही माझी, ही सखूची." त्यानं तपासलं. पहिल्या बादलीचा काटा खाली, दुसरीचा वर. काकीनं टाळीच वाजवली.

"धरला! दोन्ही माझ्याच ढिगातल्या! एकाच ढिगाला दोन काटे कसे रे?"

मला वाटलं, माणूस चिडणार. तो खाली बसला आणि विचारलं, "मादाम, ढिगात कुठून कुठून काढलंत?"

एक बादली वरची, पावसातली. दुसरी ढिगाच्या मागच्या टोकाची, गोठ्याच्या पत्र्याखालची, कोरडी. तो म्हणाला, "डबा बरोबरच सांगतोय. वरचं सत्त्व पावसानं धुवून नेलं. आणखी महिनाभर उघडं ठेवलंत तर तुमच्या भाजीला नुसता चोथा उरेल. सत्त्व उताराच्या गवताला."

काकीनं रस्त्याकडं बघितलं. मीही बघितलं. मला ते कमरेएवढं गवत आठवलं, आणि मला वाटतं तिलाही तेच आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ढिगाच्या वरची बादली घेऊन सखूच्या दारात गेली. कुंपणातून नाही, रस्त्यानं वळसा घालून, सगळ्यांना दिसेल असं. मी मागं मागं.

"सखू, हे हुंग."

सखूनं वाकून हुंगलं. "ह्यात काय न्हाय, जाऊबाई."

"न्हायच. पावसानं धुतलंय." काकीनं बादली खाली ठेवली. "तुझ्या गाडीचं बी असंच झालं. मीच भिजवलं ते."

सखूनं बादली पायानं बाजूला सारली. "एवढं मोठं नाक," ती म्हणाली, "आन् इतकी वर्षं लागली?" मग आत वळून ओरडली, "चहा ठेवते. हुंगून प्या!"

काकी हुंगूनच प्यायली. तिचा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. कुंपणातलं झुडूप काढलं, पण काढणाऱ्यावर नजर ठेवून. सखूच्या खताची प्रत्येक गाडी ती हुंगायची आणि मग त्याच दिवशी ढिगावर पत्रा टाकायची.

काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरचं औषध आधी हुंगायची, सुनेचा भात हुंगायची, मी नेलेलं पाणीसुद्धा. एक दिवस सखू वाटीत पेज घेऊन आली. काकीनं हात पुढं केला, वाटी घेतली आणि सरळ ओठाला लावली. सगळी प्यायली. मी खूश झाले, म्हटलं, चला, शेवटी विश्वास बसला म्हणायचा.

सखूनं रिकामी वाटी घेतली आणि बाहेर आली. ओट्यावर बसून पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं, सखूकाकी? प्यायली की सगळी."

"हुंगली न्हाय गं," ती म्हणाली. "आता न्हाय राहत ती."

तिसऱ्या दिवशी काकी गेली.