एकोणीस सिनेमांतली पाठ

व्हर्ना पाशुकला तुम्ही नक्की पाहिलंय. तोंड नव्हे, पाठ. आमच्या व्हँकुव्हरच्या आसपास पोराबाळांना घेऊन बघायचे हसरे सिनेमे निघतात ना, ज्यांत बाप वेंधळा असतो, घरात एखादं जनावर शिरतं आणि शेवटी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात? तसल्या एकोणीस सिनेमांत ती आहे.

वय बावन्न, उंची चार फूट सात इंच. लहान मुलांनी दिवसाचे किती तास काम करायचं ते कायद्याने ठरलेलं. तेवढे तास भरले की बालनट घरी जातो आणि त्याचे कपडे, त्याच्या केसांचा टोप घालून व्हर्ना उभी राहते. डुप्लिकेट म्हणून. कॅमेरा तिच्या मागे असतो. समोरचा बाप रडतो, माफी मागतो, तिला कुशीत घेतो. तिने फक्त हलायचं नाही.

मी कपडेपटात होते. अठरा वर्षं तिच्या अंगावर पोरांचे कपडे मीच चढवले. तिचे गुडघे केव्हाच गेले होते, वाकून बूट घालणं जमायचं नाही, म्हणून तेही मीच घालायची. दमलेली असायची, पण विचारायची, "आज कोण गं मी?"

"आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली."

"तेवढं तरी खरं आहे."

तिची आई ओल्हा अ‍ॅबट्सफर्डच्या वृद्धाश्रमात राहायची, सत्त्याऐंशीची. तिने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगून ठेवलेलं, माझी मुलगी सिनेमात आहे. समोर बसायच्या हॉल्डेनबाई, जन्मभर पोस्टात नोकरी केलेल्या. पुरावा मागायची सवय काही गेली नव्हती. त्यांनी एकेक सिनेमा डोळ्यांत तेल घालून पाहिला आणि प्रत्येक वेळी म्हणाल्या, "आम्हाला तर नाही बाई दिसली." मग ओल्हाने खाली जेवायला येणंच सोडलं. भूक नाही म्हणायची.

"आई वरच्या खोलीत एकटी जेवते गं," व्हर्ना मला म्हणाली. "एकदा माझं तोंड दिसलं पाहिजे. एकदाच."

अठरा वर्षांत तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. या एकोणिसाव्या सिनेमाच्या वेळी मागितलं. दिग्दर्शक पोरसवदा होता, पण मनाने चांगला. त्याने तिला शेजारणीचं काम दिलं. दार उघडायचं, "काय हवंय?" म्हणायचं, आणि घरात शिरलेल्या बोकडावर फेकलेला केक चुकून हिच्या तोंडावर बसायचा. ते दोन शब्द ती आठवडाभर घोकत होती. मला तर वीट आला होता.

सात टेक झाले. दर वेळी केसांतली मलई धुवायची, कोरडं करायचं, नवा ब्लाउज चढवायचा. त्यातून वेळ मिळाला तो छोट्या नटीचा टोप घालून मिठीचा प्रसंग देण्यात गेला. संध्याकाळी माझ्या गाडीत बसली ती मलईचा वास घेऊनच.

वृद्धाश्रमाने तो सिनेमा एका रविवारी दुपारी दाखवला, नातवंडांना आणि त्यांच्या आईबापांना बोलावून. आम्ही गेलो. आईला व्हर्नाने हाताला धरून खाली आणलं. हॉल्डेनबाई आमच्या पुढच्याच रांगेत होत्या.

शेजारणीचं दार उघडलं आणि केक तोंडावर बसलेलाच होता. आधीचा तेवढा क्षण संकलकाने कापून टाकलेला. दिसली ती नुसती मलई आणि दोन डोळे. पोरं हसून लोळली. सगळ्यांत जास्त हसली ओल्हा. "कोण ही बावळट बाई?" तिने मलाच विचारलं.

हॉल्डेनबाई मागे वळल्या. "मग? कुठाय मुलगी?"

मला इतका संताप आला की उठून सिनेमा बंद पाडावा असं वाटलं. व्हर्नाने माझा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली. "दमले मी."

मग मिठीचा प्रसंग आला. शाळेचं मैदान, रडणारा बाप, आणि आखूड केसांच्या मुलीची पाठ. ओल्हाने पुढे वाकून हॉल्डेनबाईंच्या खांद्यावर बोट टोचलं.

"ती बघ. ती माझी व्हर्ना."

"ते पोर आहे, ओल्हा."

"केस खोटे आहेत. मान माझ्या पोरीची आहे. बारा वर्षं रोज सकाळी हिच्या मागे उभं राहून वेण्या घातल्यात मी. डाव्या कानामागे खळगा आहे, तिथे कंगवा अडायचा. त्या कुत्र्याच्या सिनेमातही हीच होती. बर्फाच्याही."

व्हर्ना आईकडे वळली. "मग कधी बोलली नाहीस ती?"

"तुझं काम तुला काय सांगायचं? आणि जिला तू दिसत नाहीस तिच्यासमोर बसून मी काय जेवू?"

हॉल्डेनबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "उभी राहा गं," त्या म्हणाल्या. "वळ बघू."

व्हर्ना गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि वळली. मानेवरचे केस तिने हाताने वर धरले आणि उभी राहिली. काम असल्यासारखी. हॉल्डेनबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग मानेकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "हं," त्या म्हणाल्या. "हीच आहे."

सिनेमा संपला तरी व्हर्ना आमच्याकडे वळेना. एकोणीस सिनेमांत कधी न हललेले तिचे खांदे हलत होते. ओल्हाने काठी घेतली आणि जेवणाचं टेबल लागलंय का, ते बघायला निघाली.