आक्कांचं नाक आणि ओरेगॅनोच्या चार बाटल्या

आक्का सुगंधी तेलांच्या दुकानात बसायच्या, आणि त्यांच्या नाकाचा साऱ्या गल्लीला धाक होता. शेजारणीने फरशी कशाने पुसली ते त्यांना जिन्यातच कळायचं, आणि कळलं की सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. त्यांच्या यजमानांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. यजमानांनी सिगारेट सोडली त्याचं श्रेय डॉक्टरांनी घेतलं, पण खरं कारण म्हणजे संध्याकाळी दारात उभं राहून त्यांना हुंगणाऱ्या आक्का. "तू पोलिसांत असतीस तर कुत्र्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या," असं ते म्हणायचे. आक्का तेही कौतुकच समजायच्या.

अशा बाईला ताप यावा, त्याने तिला आठवडाभर अंथरुणाला खिळवावं आणि जाताना नेमका वासच घेऊन जावं, याला काय म्हणायचं? बरं वाटल्यावर आक्का आंघोळीला गेल्या. साबण नाकाला लावला. काही नाही. आक्कांनी आधी साबणालाच नावं ठेवली. मग कांदा फोडून पाहिला, केरोसीनचा डबा उघडून पाहिला, शेवटी धुवायला टाकलेले मोजेसुद्धा पाहिले. मोज्यांनीही दाद दिली नाही तेव्हा त्या बाथरूममधल्या उलट्या बादलीवर बसून राहिल्या.

सांगायचं कुणाला? आणि कुठल्या तोंडाने? "आक्कांचं नाक गेलं" हे वाक्यच असं, की ऐकणारा आधी चौकशी भलत्याच गोष्टीची करील. त्या गुपचूप दूरच्या वस्तीतल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेल्या. जाताना दुकानातली ओरेगॅनोच्या तेलाची बाटली पर्समध्ये घेतली, कारण तेवढं एक तेल नाकात काहीतरी करत होतं.

"हे बघा, हे मला येतं," त्या विजयी मुद्रेने म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

डॉक्टर हसले. "हा वास नाही, आक्का. हे झोंबणं आहे. कांदा चिरताना डोळ्यांना झोंबतं, म्हणून डोळ्यांना कांद्याचा वास येतो असं म्हणायचं का? वासाची तार वेगळी, झोंबण्याची वेगळी. तुमची दुसरी शाबूत आहे. पहिली परत येईल, पण तिच्या मर्जीने. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-चार वास घेत राहा, आणि ते सौम्य असू द्या. नाकाची तालीम करायची आहे, शिक्षा नाही."

आक्कांनी ते ऐकलं आणि दुकानात जाऊन काही झालंच नाही अशा बसल्या. तसं जमतही होतं. बाटलीवरची चिठ्ठी वाचायची, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचा आणि वर्षानुवर्षं पाठ असलेली वाक्यं म्हणायची. गिऱ्हाईक खूश. नाटकात काम केलं असतं तर नाव काढलं असतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी वरच्या मजल्यावरचा नळ गळला आणि दुकानाच्या मागच्या फळीवर दिवसभर पाणी टपकलं. दुसऱ्या दिवशी उघडून पाहतात तर ओरेगॅनोच्या चार नव्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या सुटून फळीवर लगदा होऊन पडलेल्या. बाटल्या एकसारख्या, झाकणं एकसारखी.

दुकानाची मालकीण आक्कांच्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिने कपाळावर हात मारला आणि लगेच हसली. "मी कशाला घाबरतेय? आक्का, तुम्ही आहात ना!"

"हो, आहे ना," आक्का म्हणाल्या.

चारही बाटल्यांवर ओरेगॅनोच लिहिलेलं असायचं, पण चौघींचा स्वभाव एकमेकींशी जुळत नव्हता. डोंगरी ओरेगॅनो सगळ्यांत तिखट. साबणात किंवा फरशी पुसायच्या पाण्यात थेंबभर पुरे, अंगाला निव्वळ तर कधीच लावायचं नाही. स्पॅनिश ओरेगॅनो ही खरी तर दुसऱ्याच झाडाची मुलगी, ओरेगॅनोचं आडनाव लावून फिरणारी. तिखटपणात तितकीच, वर औषधी वासाची. ती मसालेवाले न्यायचे. मेक्सिकन तर नात्यातलीही नव्हे. तिखटपणाच्या मागे लिंबाची झाक, म्हणून मेणबत्त्या करणारी एक बाई तिच्यावर जीव टाकायची. चौथं ते गोड ओरेगॅनो, म्हणजे आपला मरवा. मऊ, उबदार, मालीशच्या तेलात मिसळायचं. दुसऱ्या दिवशी मालीशवाल्या ताई तेच न्यायला यायच्या होत्या. त्यांना चुकून डोंगरी गेलं असतं, तर कुणाची तरी पाठ भाजली असती.

"घरी नेते, शांतपणे बघते," आक्का म्हणाल्या. "इथे चारशे वासांत नाक गोंधळतं."

यजमान जेवणाच्या टेबलावर कानस घेऊन किल्ली घासत बसले होते. वाटेत चारही बाटल्या पुन्हापुन्हा हुंगून आक्कांचं नाक नुसतं चुरचुरत होतं, कुठली किती झोंबते तेही कळेनासं झालं होतं. आक्कांनी बाटल्यांना यजमानांच्याच दुकानातले आकड्यांचे बिल्ले बांधले, कागदाच्या पट्ट्यांवर एकेक थेंब टाकला आणि म्हणाल्या, "अहो, जरा इकडे या. तुमच्या नाकाची परीक्षा घ्यायची आहे."

"माझ्या? तुझं संपावर गेलंय का?"

"गप्प बसा आणि हुंगा."

पहिली पट्टी. "शाळेच्या दवाखान्यातली बाटली. गुडघा फुटला की लावायचे ती."

दुसरी. "आई गं!" ते खुर्चीसकट मागे सरकले. "हे कुणाच्या जिवावर उठलंय?"

तिसरी त्यांनी जरा जास्त वेळ नाकाशी धरली. "हे छान आहे. लाकडी कपाट उघडावं आणि आत धुतलेल्या चादरी असाव्यात, तसं."

चौथी. "तिखटच. पण मागून कुणीतरी लिंबू पिळलंय."

यापेक्षा स्वच्छ उत्तर कुणी दिलं नसतं. पण आक्कांना ते पटेना. हा माणूस, ज्याने एकदा डासांच्या फवाऱ्यालाच "आज काय सुरेख वास येतोय" म्हटलं होतं, त्याच्या नाकावर विसंबायचं? त्यांनी बाटल्या दिव्यासमोर धरल्या. एक नंबरचं तेल सगळ्यांत फिकं दिसत होतं, आणि गोड ओरेगॅनो फिकं असतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. बाकीचीही कधी कधी फिकी असतात, हे त्या वेळी आठवलं नाही. ठरलं. एक नंबर गोड.

तरी खात्री करावी म्हणून त्यांनी चमचाभर साध्या तेलात एक नंबर ओतलं. गोड तर आहे, म्हणून हात सढळ ठेवला.

"अहो, तुमचा खांदा दुखतो ना? मालीश करून देते."

यजमानांनी कानस खाली ठेवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, न मागता मालीश कधी मिळाली नव्हती. पण चालून आलेली लक्ष्मी कोण नाकारतो? त्यांनी शर्ट काढला. पहिले काही क्षण सुखात गेले. मग ते जे उठले ते थेट नळाकडे धावले.

"पाणी नको!" आक्का मागून ओरडल्या. "पाण्याने जात नाही ते! तेलाला तेलच लागतं!" आणि त्यांनी स्वयंपाकाच्या तेलाची बाटली त्यांच्या खांद्यावर उपडी केली, पुसलं, पुन्हा ओतलं, पुन्हा पुसलं. आग ओसरली तेव्हा यजमान तेलाने चमचमत स्टुलावर बसले होते. तव्यावर टाकायचेच काय ते बाकी होते.

"आता सांग," ते म्हणाले. "तुला वास कधीपासून येत नाही?"

आक्का तेलाच्या बाटलीचं झाकण शोधू लागल्या.

"दूध करपून धूर झाला तेव्हा तू शेगडीशेजारी बसून भाजी निवडत होतीस. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू मान्य केलं असतंस?" त्यांनी खांदा चोळला. "आणि खरं सांगायचं तर... माझी जरा सोय झाली होती. रोज एकच सिगारेट ओढत होतो."

आक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की खांद्याची आग त्यापुढे काहीच नव्हती. पण रागावता रागावताच त्यांना रडू फुटलं. "सगळं घर पाण्यासारखं झालंय हो. कुठल्या खोलीत आहे ते डोळे मिटल्यावर कळत नाही. तुमचा शर्ट धुवायला घेतला की तो कुणाचाही असल्यासारखा वाटतो."

यजमानांना अशा वेळी काय बोलावं ते कधीच सुचत नसे. कुलूप अडलं तर हात चालायचे, माणूस अडला की नाही. शेवटी ते म्हणाले, "मला विचारत जा. मी सांगीन."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून दुकानात गेले. आक्कांनी मालकिणीला सगळं सांगितलं, खांद्यासकट.

मालकीण त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग इतके दिवस गिऱ्हाइकांना काय सांगत होतात?"

"चिठ्ठी वाचत होते."

"आणि मी सगळ्यांना सांगत होते, आमच्या आक्कांसारखं नाक नाही म्हणून!" ती आधी चिडली, मग तिला हसू आलं. हसताहसताच तिने एक बाटली उचलून उलटी केली. तळाशी काचेत बारीक आकडे उमटवलेले होते. चारही बाटल्यांना वेगवेगळे. तिने तेल पाठवणाऱ्याला फोन लावला, आकडे वाचून दाखवले. एक स्पॅनिश, दोन डोंगरी, तीन गोड, चार मेक्सिकन. कुलूपवाल्यांचं नाक चारही ठिकाणी बरोबर होतं. बाटली उलटी करून बघावी, हे मात्र आदल्या दिवशी कुणालाच सुचलं नव्हतं. निदान एक खांदा तरी वाचला असता.

मालीशवाल्या ताई आल्या, त्यांनी आपली तीन नंबरची बाटली घेतली, हकिकत ऐकली आणि यजमानांचा खांदा धंद्याच्या नजरेने पाहिला. "उतरेल दोन दिवसांत," त्या म्हणाल्या. "पण काका, पुढच्या वेळी बायको आपणहून मालीश करून देते म्हणाली तर आधी कारण विचारा."

तेव्हापासून यजमान दुपारी किल्ल्यांचं दुकान बंद करून तासभर तेलांच्या दुकानात येऊ लागले. आक्का त्यांना धंद्याचे शब्द शिकवायला बघत: हा वास हिरवा, हा गरम, हा मातकट. ते मान डोलवत आणि गिऱ्हाइकाला आपलंच सांगत. आता लोक येऊन सरळ "ते धुतलेल्या चादरींचं द्या" म्हणू लागले. मेणबत्तीवाल्या बाईने त्यांचं वर्णन शब्दशः लिहून घेतलं. ते चालताना मान जरा वर ठेवू लागले, आणि एकदा तर आक्कांनी केलेल्या वरणाला "तळ लागलाय का गं?" असं भर जेवणात विचारलं. लागला होता. म्हणून काय विचारायचं?

सकाळ-संध्याकाळ मात्र दोघं न चुकता पट्ट्या घेऊन बसत. आक्का हुंगत, ते काय यायला हवं ते सांगत. कित्येक आठवडे काही आलं नाही. मग एका सकाळी गोड ओरेगॅनोची पट्टी धरल्यावर आक्का थबकल्या.

"अहो, काहीतरी आलं."

"काय? चादरी?"

"भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं."

यजमानांचा चेहरा पडला, पण डॉक्टर फोनवर म्हणाले, उत्तम. तार जुळू लागली की आधी असंच वेडंवाकडं येतं. तसंच झालं. मेक्सिकनमधलं लिंबू सगळ्यांत आधी सरळ झालं. गोड ओरेगॅनो पुठ्ठ्यावरून लाकडावर आलं. गुलाब अजून जळक्या रबरासारखाच येतो, म्हणून गुलाबाचं गिऱ्हाईक यजमान बघतात आणि ओरेगॅनोवर दोघं भांडतात.

मालकिणीने शेवटी दुसरं स्टूल आणलं. मग खिडकीपाशी कुणी बसायचं यावरून वाद झाला, कारण तिथे वारा चांगला, वास मोकळा लागतो. "नाक माझं तयार होईपर्यंत तुम्ही बसा," असं म्हणून आक्कांनी ती जागा त्यांना दिली. तात्पुरती. ते अजून तिथेच बसतात.